लहान मुलं असलेल्या घराची आणीबाणीची बॅग: काय, किती आणि कसं भरायचं

पूर, भूकंप, वणवा, वादळ, वायुगळती. कारण कोणतंही असो, घर सोडायची सूचना आली की हातात कधी तासभर असतो, कधी पाचच मिनिटं. आणीबाणीच्या बॅगेच्या बहुतेक याद्या धडधाकट, एकट्या माणसाला समोर ठेवून केलेल्या असतात. घरात दहा महिन्यांचं बाळ आणि चार-पाच वर्षांचं मूल असताना तीच यादी सगळ्यांसाठी गुणून भरली, तर एकेका सॅकचं वजन वीस किलोच्या वर जातं. ज्याने ती उचलायची त्याच्या कडेवर आधीच एक मूल असतं आणि दुसऱ्याचा हात धरलेला असतो. अशी सॅक जिन्याच्या पहिल्या वळणावरच खाली टाकावी लागते. म्हणून सामानाकडे वळण्याआधी हात मोजायचे.

त्याही आधी एक गोष्ट. घरालाच आग लागली असेल तर बॅगेला हात लावू नका. मुलांना उचला, धुराच्या खालून वाकून बाहेर पडा आणि कशासाठीही परत आत जाऊ नका. बाहेर पडायला थोडी तरी उसंत आहे आणि परतायला एक ते तीन दिवस लागू शकतात, अशा प्रसंगासाठी ही बॅग आहे.

पायरी १: कोण कोणाला उचलणार ते ठरवा

कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक मुलापुढे एका मोठ्या माणसाचं नाव लिहा. "जो जवळ असेल तो घेईल" असं मोघम ठेवलं की गोंधळात दोघंही एकाच मुलाकडे धावतात. एक मोठा माणूस घरी नसताना काय करायचं, याची दुसरी ओळही तिथेच लिहा, कारण दिवसाच्या बऱ्याच वेळी घरात एकच मोठं माणूस असतं.

आता वजन. सवय नसलेल्या निरोगी माणसाने स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं घेऊन लांब चालू नये. ६० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा ९ ते १२ किलो होते. दहा महिन्यांच्या बाळाचं वजनच ८-९ किलो असतं, म्हणजे बाळ घेतलं की मर्यादा जवळजवळ संपली. बाळ घेणाऱ्याच्या पाठीवर ६ किलोच्या वर जाऊ नका, आणि हे सहा किलोसुद्धा मर्यादेबाहेरचे आहेत हे लक्षात ठेवा. दुसऱ्या माणसाने १० किलोपर्यंत घ्यावं. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त काही नको. १८ किलोच्या मुलासाठी हा आकडा पावणेदोन किलो होतो, पण प्रत्यक्षात एक किलोच्या आतच थांबा. दमलेलं मूल आधी बॅग तुमच्याकडे देतं आणि मग स्वतःही कडेवर यायला बघतं.

बाळ घेणाऱ्याचे ६ किलो कसे संपतात ते पाहा: रिकामी सॅक ८०० ग्रॅम, पाणी दीड किलो, डायपर आणि वाइप्स एक किलो, दुधाची पावडर आणि कप अर्धा किलो, बाळाचे कपडे आणि दुपटी ८०० ग्रॅम, औषधं अर्धा किलो, खाणं अर्धा किलो, टॉर्च आणि किरकोळ वस्तू ४०० ग्रॅम. संपले सहा किलो. स्वतःचे कपडे, कागदपत्रं, चादर, उरलेलं पाणी हे सगळं दुसऱ्या सॅकमध्ये जातं. घरात मोठं माणूस एकच असेल तर या सहा किलोमधले बाळाचे कपडे आणि डायपर निम्मे करा आणि त्या जागी कागदपत्रं आणि एक पातळ चादर घाला.

वजन अंदाजाने ठरवू नका. सॅक पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग सॅक काढून उभे राहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅकचं वजन.

पायरी २: सॅक आणि बाळाला बांधायची झोळी

दोन्ही खांद्यांवर बसणारी, छातीशी आणि कमरेला पट्टा असलेली सॅक घ्या. बाळ घेणाऱ्यासाठी २० ते २५ लिटरची, दुसऱ्यासाठी ३५ ते ४० लिटरची पुरते. त्याहून मोठी घेतली की ती भरली जातेच. चाकांची बॅग, हातात धरायची पिशवी आणि एका खांद्यावरची बॅग या कामाच्या नाहीत.

बाबागाडीही घरीच राहू द्या. जिना, चिखल, पडलेल्या फांद्या, काचा यांतून ती चालत नाही आणि मध्येच सोडून द्यावी लागते. त्याऐवजी बाळाला छातीशी बांधणारी पट्ट्यांची झोळी (कॅरिअर) घ्या. बाळ छातीवर, सॅक पाठीवर, दोन्ही हात मोकळे. बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे आणि त्याची हनुवटी त्याच्याच छातीवर टेकता कामा नये, कारण मान अशी वाकली तर लहान बाळाचा श्वास कोंडतो. पुरातून निघताना मात्र कॅरिअरचा भरवसा धरून वाहत्या पाण्यात उतरू नका. जेमतेम १५ सेंटिमीटर खोल वाहतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं.

कॅरिअर सॅकच्या आत भरून ठेवू नका. सॅकच्या वरच्या पट्ट्याला अडकवून ठेवा, कारण सगळ्यात आधी तोच लागतो.

पायरी ३: पाणी

घरात साठवायचा सर्वसाधारण हिशोब माणशी रोज ४ लिटर असा आहे, पिणं आणि जुजबी स्वच्छता धरून. चार माणसं, तीन दिवस म्हणजे ४८ लिटर, म्हणजेच ४८ किलो. एवढं पाणी पाठीवर नेता येत नाही, म्हणून पाण्याचे तीन भाग करा. प्रत्येक मोठ्याच्या सॅकमध्ये दीड लिटर आणि मुलाच्या सॅकमध्ये २५० मिलिलिटरची छोटी बाटली. गाडी असेल तर तिच्यात किंवा दाराशी ५ लिटरचे दोन कॅन, वेळ मिळाला तरच घ्यायचे. आणि वाटेत मिळेल ते पाणी पिण्याजोगं करायची सोय.

ही सोय म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या. इथे नेहमी होणारी चूक गोळीच्या ताकदीची असते. काही गोळ्या १ लिटरसाठी असतात, काही ५, काही २० लिटरसाठी, आणि पट्टीवरची छपाई इतकी बारीक असते की अंधारात वाचताच येत नाही. एकाच ताकदीच्या गोळ्या घ्या आणि पाकिटावर जाड पेनने "१ गोळी = इतके लिटर, ३० मिनिटं थांबा" असं लिहा. गढूळ पाणी आधी घडी घातलेल्या कापडातून गाळून घ्या, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. इंधन असेल तर पाणी खळखळून उकळल्यावर पुढे एक मिनिट उकळू द्या, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं.

ओढून प्यायच्या फिल्टर-नळ्या मोठ्यांना ठीक आहेत, पण लहान मुलांना तेवढ्या जोराने ओढता येत नाही, आणि त्यांतल्या बहुतेक नळ्या विषाणू अडवत नाहीत. मुलांचं पाणी तेवढ्यावर सोडू नका.

सहा महिन्यांखालच्या बाळाला नुसतं पाणी द्यायचं नसतं. त्याची तहान दुधानेच भागते.

पायरी ४: बाळाचं दूध

सगळ्यात जास्त विचार या पायरीवर करावा लागतो, कारण इथली चूक थेट जुलाबापर्यंत नेते आणि निवाऱ्याच्या गर्दीत जुलाब झालेलं बाळ फार लवकर ढासळतं.

आई अंगावर पाजत असेल तर ते चालूच ठेवा. धक्का बसला, ताण आला की दूध आटतं असा समज आहे. खरं तर ताणामुळे दूध उतरायला थोडा वेळ लागतो, पण ते तयार होणं थांबत नाही. बाळाला वारंवार लावत राहिलं की ओघ परत येतो. बॅगेत आईसाठी रोजचं जवळपास एक लिटर जास्तीचं पाणी, आडोशाला मोठा पातळ स्कार्फ आणि पटकन हाताला लागेल असं काही खाणं ठेवा. निवाऱ्यात कोणी दुधाच्या पावडरचे डबे वाटत असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला "जास्तीचं असू दे" म्हणून ते सुरू करू नका. वरचं दूध जेवढं वाढतं तेवढं अंगावरचं कमी होतं.

बाळ वरच्या दुधावर असेल तर सर्वांत सुरक्षित म्हणजे तयार द्रवरूप, सीलबंद छोट्या बाटल्या किंवा पाकिटं. त्यात पाणी घालावं लागत नाही. ती जड असतात, पण पहिल्या दिवसापुरती तरी घ्या. दोन महिन्यांखालच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी तीच घ्या.

पावडर घेणार असाल तर दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, पावडर निर्जंतुक नसते. म्हणून ती किमान ७० अंश सेल्सियस गरम पाण्यात कालवायची, मग थंड करून पाजायची, तयार केल्यापासून दोन तासांत संपवायची आणि उरलेलं टाकून द्यायचं. दुसरी, उघडलेला डबा महिनाभरात संपवायचा असतो. अनेक घरांत रोजच्या डब्यातली पावडर काढून बॅगेत भरली जाते आणि सहा महिने तशीच राहते. हे करू नका. सगळ्यात छोटा सीलबंद डबा घ्या, मुदत संपायच्या दोन महिने आधी तो रोजच्या वापरात काढा आणि बॅगेत नवा ठेवा.

किती लागेल? पहिल्या सहा महिन्यांत बाळाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. ५ किलोच्या बाळाला ७५० मिलिलिटर. त्यासाठी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम पावडर धरा, तीन दिवसांना ३०० ग्रॅम. शिवाय कालवायला दोन-सव्वादोन लिटर पाणी, जे बाकीच्या हिशोबात धरलेलं नसतं. डब्यातला चमचा त्याच डब्यासाठी असतो, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. पाणी कमी आहे म्हणून दूध दाट करू नका आणि पावडर कमी आहे म्हणून पातळही करू नका. दोन्हींनी बाळ आजारी पडतं.

बाटल्या आणि बुचं धुवायला उकळतं पाणी आणि ब्रश लागतो. ते नसेल तर बाटली म्हणजे जंतूंचं घर. गुळगुळीत काठाचा छोटा उघडा कप साबणपाण्याने सहज स्वच्छ होतो, आणि अगदी नवजात बाळही कपाच्या काठावरून चाटत दूध पिऊ शकतं. बाळाला अर्धवट बसवा, कप खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठांपर्यंतच येऊ द्या, तोंडात ओतू नका. घरी दोन-चार वेळा करून बघा. पहिल्यांदा बरंच सांडतं.

निघायला पंधरा मिनिटं असतील तर पहिलं काम म्हणजे पाणी उकळून चांगल्या थर्मासमध्ये भरणं. पुढचे काही तास त्याच पाण्यावर पावडर नीट कालवता येते.

मोठ्या मुलांचं खाणं

आपत्ती ही नवा पदार्थ चाखायला लावायची वेळ नसते. मूल आज आवडीने खातं तेच घ्या: न शिजवता खाता येणारं, चुरा न होणारं, फार खारट नसलेलं, कारण खारटाने पाण्याची मागणी वाढते. दिवसाला प्रत्येक मुलामागे चार-पाच छोटे पुडे करा, एका वेळचा एक. मोठं पाकीट एकदा उघडलं की ओलं होतं किंवा एकाच वेळी संपतं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे शेंगदाणे, अख्खा सुका मेवा, गोल कडक गोळ्या, लाह्या नकोत. अंधारात, चालताना, रडताना हे घशात अडकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. डबाबंद काही घेतलं तर झाकण हाताने उघडणारं असावं, नाहीतर ओपनर त्याच डब्याला चिकटपट्टीने बांधा.

पायरी ५: औषधं

पॅरासिटामॉलचं सिरप प्रत्येक बॅगेत असतं, आणि सर्वाधिक धोकादायक चूकही त्याच्याच बाबतीत होते. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात: ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांचे थेंब १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. मुलाला दर किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅमचा डोस लागतो. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. ते १२५च्या बाटलीतून ६ मिलिलिटर, २५०च्या बाटलीतून ३ आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड. रोजची बाटली १२५ची आणि बॅगेतली २५०ची असेल, तर सवयीने दिलेले सहा मिलिलिटर म्हणजे दुप्पट डोस. बॅगेत तीच बाटली ठेवा जी घरी वापरता, आणि बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मुलाचं नाव, वजन, तारीख, किती मिलिलिटर, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा, असं लिहा. हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. वजन वाढतं म्हणून चिठ्ठी दर तीन महिन्यांनी नवी करायची. मोजायला चमच्याऐवजी तोंडाने औषध द्यायची सिरिंज ठेवा, सुईशिवायची. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध देत बसू नका, आधी डॉक्टर. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही.

ओआरएसची किमान चार पाकिटं घ्या. एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यासाठी असतं. पाण्याच्या बाटलीवर एक लिटरची खूण करून ठेवा. पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मिश्रण इतकं खारट होतं की मुलाला अपाय होतो. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. जुलाबासाठी झिंकच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून ठेवा.

याशिवाय थर्मामीटर, चिकटपट्ट्या, निर्जंतुक गॉझ, जंतुनाशक, चिमटा, हातमोजे, अॅलर्जीचं औषध, डायपरच्या पुरळासाठीचं मलम. नियमित औषध चालू असेल तर सात दिवसांचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, औषधाच्या कंपनीच्या नावाबरोबर त्यातल्या मूळ घटकाचं नावही लिहिलेलं, कारण दुसऱ्या गावात तो ब्रँड मिळेलच असं नाही. दम्याचा पंप असेल तर स्पेसर आणि त्याचा मास्कही घ्या. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा पण बर्फाच्या थेट संपर्कात नको, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. सगळी औषधं मुलांना न उघडता येणाऱ्या डब्यात ठेवा. निवाऱ्यात सॅक जमिनीवरच पडलेली असते आणि रांगणारं बाळ तिच्यापर्यंत पोहोचतंच.

पायरी ६: डायपर, कपडे, झोप

नवजात बाळाला दिवसाला १० ते १२ डायपर, वर्षाच्या पुढे ५ ते ६. तीन दिवसांचा हिशोब करा आणि सध्याच्या मापापेक्षा एक माप मोठे घ्या. मोठा डायपर घट्ट बसवता येतो, लहान झालेला बंदच होत नाही. झिपच्या पिशवीत भरून हवा दाबून काढली की त्यांची जागा निम्म्यावर येते. डायपर सुटलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठीही पाच-सहा ठेवा. भीतीने, अनोळखी जागेमुळे मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात. त्याबद्दल रागावू नका, ते आपोआप मागे पडतं.

प्रत्येक मुलाचे कपड्यांचे दोन जोड, एक माप मोठे. एका जोडातलं सगळं, म्हणजे शर्ट, पँट, आतले कपडे, मोजे, एकाच झिपच्या पिशवीत. रात्री एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने ओल्या मुलाला बदलायचं असतं तेव्हा एक पिशवी उघडली की काम व्हायला हवं. तीच पिशवी नंतर ओल्या कपड्यांना. लोकरी किंवा फ्लीसची टोपी उन्हाळ्यातही ठेवा. भिजलेल्या लहान बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा खूप लवकर गार पडतं.

चकाकणाऱ्या पातळ चादरी हलक्या आणि उपयोगी आहेत, पण त्यांतून हवा जात नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ त्या येता कामा नयेत. निवाऱ्यातही बाळ पाठीवर, सपाट आणि कडक जागेवर, वेगळं झोपवा. हवा भरलेली गादी, उशी, कपड्यांचा ढीग नको.

धुरासाठी मास्क घेत असाल तर मुलांच्या मापाचे घ्या. मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर बसत नाही आणि कडेने धूर आत येतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावूच नका.

कचऱ्याच्या जाड मोठ्या पिशव्या आठ-दहा. रेनकोट, जमिनीवरचं अंथरूण, तात्पुरतं शौचपात्र, ओल्या सामानाची पिशवी, सगळ्याला चालतात. सोबत साबणाची वडी, सॅनिटरी पॅड, टॉयलेट पेपर.

पायरी ७: टॉर्च, फोन, शिट्टी

प्रत्येक मोठ्यासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च. हातात धरायच्या टॉर्चला आपल्याकडे हातच उरलेला नाही. सेल टॉर्चबाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर वर्षभरात ते पाझरून टॉर्च खराब होतो. बटणाएवढे चपटे सेल लागणारं काहीही बॅगेत नको, मुलाचं खेळणंसुद्धा नाही. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते.

१०,००० मिलीअँपिअरतासांची पॉवर बँक फोन साधारण दोनदा भरते. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा चार्ज करा आणि तापलेल्या गाडीत ठेवू नका. प्रत्येकाच्या गळ्यात किंवा सॅकच्या पट्ट्याला शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे "मदत हवी", हे मुलालाही शिकवा.

पायरी ८: ओळख आणि कागद

२००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना आणि रिटा ही चक्रीवादळं आली, तेव्हा कुटुंबापासून दुरावलेल्या मुलांच्या ५,००० हून अधिक नोंदी झाल्या आणि शेवटच्या मुलाची घरच्यांशी गाठ पडायला सहा महिन्यांहून जास्त काळ गेला. बोलता न येणारं बाळ स्वतःचं नाव सांगू शकत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाला आईचं नाव विचारलं तर ते "आई" असंच सांगतं.

प्रत्येक मुलासाठी हाताच्या तळव्याएवढं कार्ड करा: पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि फोन, दूरच्या गावातल्या एका नातेवाइकाचा फोन, अॅलर्जी, चालू औषधं. कार्ड चिकटपट्टीने पूर्ण मढवा आणि मुलाच्या सॅकच्या आतल्या खिशात, शक्य असेल तर कपड्यालाही आतून सेफ्टी पिनने लावा. बाहेरून नाव दिसेल असं काही लावू नका. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर लहान मूल लगेच विश्वास ठेवतं. निघताना पक्क्या शाईच्या पेनने मुलाच्या दंडावर फोन नंबर लिहा.

दूरच्या गावातला नातेवाईक अशासाठी, की आपत्तीच्या जागी फोन जाम होतात. फोन लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. सगळ्यांनी त्या एकाच माणसाला कळवायचं. भेटायच्या दोन जागाही ठरवा, एक घरासमोरची आणि एक वस्तीबाहेरची. पाळणाघर किंवा शाळा मुलांना कुठे हलवणार आणि कोणाच्या ताब्यात देणार हे आजच विचारा, आणि त्यांच्या यादीत दोन पर्यायी नावं घाला.

जन्मदाखले, ओळखपत्रं, लसीकरणाची नोंद, विमा यांच्या प्रती एका जलरोधक पाकिटात. त्यात प्रत्येक मुलाचा तुमच्यासोबतचा अलीकडचा फोटो, छापलेला. मूल तुमचंच आहे हे दाखवायला तो फोटो लागतो. मुलांचा ताबा कोर्टाने ठरवला असेल तर त्या आदेशाची प्रतही. थोडी रोकड लहान नोटांत, कारण सुटे देणारं कोणी नसतं.

मुलाची स्वतःची सॅक

चार वर्षांच्या पुढच्या मुलाला छोटी सॅक द्या आणि ती त्याच्यासोबत भरा. पाण्याची छोटी बाटली, एक खाऊचा पुडा, शिट्टी, ओळखीचं कार्ड, कागद आणि खडू, आणि एक मऊ खेळणं. सगळ्यात लाडकं खेळणं बॅगेत बंद करून ठेवता येत नाही, म्हणून तसंच दुसरं घ्या आणि ते आठवडाभर मुलाच्या अंथरुणात ठेवून मग बॅगेत टाका. नवं कोरं, अनोळखी वासाचं खेळणं रात्री तीन वाजता कामाला येत नाही.

पायरी ९: भरायचा क्रम

सॅकच्या आत आधी कचऱ्याची जाड पिशवी उलगडून बसवा आणि सगळं तिच्यात भरा. बाहेरून घालायच्या आवरणात पाठीच्या बाजूने पाणी शिरतं. तळाला कपडे. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि डबे, पाठीला लागून आणि खांद्यांच्या मधोमध, कारण त्या लांब गेल्या की सॅक मागे ओढते आणि पुढे बाळ असताना तोल सांभाळणं कठीण होतं. वर औषधं आणि खाणं. बाहेरच्या खिशात पहिल्या तासात लागणारं: टॉर्च, पाण्याची एक बाटली, एक डायपर आणि थोडे वाइप्स गुंडाळून, एक खाऊचा पुडा.

बॅग बाहेर पडायच्या दाराजवळ ठेवा. माळ्यावर किंवा कुलूपबंद खोलीत असलेली बॅग वेळेला मिळत नाही. भूकंपाचा भाग असेल तर प्रत्येकाच्या पलंगाच्या पायाला जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च पिशवीत घालून बांधा. पहिल्या धक्क्यानंतर जमिनीवर काचा असतात आणि मुलं अनवाणीच धावत येतात.

बॅगेत कायम ठेवता न येणाऱ्या वस्तूंची चिठ्ठी सॅकच्या बाहेर ठळक अक्षरात लावा. दोन मिनिटं असतील तर: मुलं, बॅगा, फोन, चष्मा, रोजची औषधं, किल्ल्या. पंधरा मिनिटं असतील तर: फ्रिजमधली औषधं, गरम पाण्याचा थर्मास, पाण्याचे कॅन, गाडीतली मुलांची सीट, खरं लाडकं खेळणं, मग गॅस आणि वीज बंद.

पायरी १०: सराव आणि तपासणी

एकदा संध्याकाळी दिवे मालवून सगळं अंगावर चढवा आणि पंधरा मिनिटं चालून या, जिना धरून. पट्टा कुठे काचतो, कॅरिअरची कोणती कडी एकट्याला लागत नाही, मोठं मूल किती वेळात दमतं, हे तेव्हाच कळतं. जे जड वाटलं ते त्याच रात्री काढून टाका. मुलांना हा सराव खेळ म्हणूनच सांगा, पण त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं खरी द्या: "पाणी आलं तर आपण सगळे मिळून इथून तिथे जाणार, आणि आपल्याकडे सगळं आहे."

मुलांच्या वस्तू दर तीन महिन्यांनी तपासा: डायपरचं माप, कपडे, बूट, दुधाचा डबा, औषधाची चिठ्ठी, फोटो. पाणी, खाणं, सेल, कागद दर सहा महिन्यांनी. बाळ सहा महिन्यांचं झालं, चालायला लागलं, डायपर सुटला, नवं औषध सुरू झालं, की तारखेची वाट न पाहता बॅग उघडा. शेवटच्या तपासणीची तारीख सॅकच्या हँडलला बांधलेल्या कार्डावर लिहा. घाईच्या सकाळी कोणी बॅगेतला डायपर किंवा वाइप्स काढून वापरले, तर त्याने त्याच कार्डावर तसं लिहायचं, म्हणजे काय परत भरायचं ते दुसऱ्याला कळतं.